खेळाचा साचा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी पेण सोडून दक्षिणेकडे निघाली, की पुढचे स्थानक कासूचे. स्थानक लहानसेच आहे. जवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वेकडे डोंगर चढत जातात आणि पश्चिमेकडे जमीन सखल होत होत खारपट्ट्यास मिळते. नागोठण्यावरून येणारी अंबा नदी या सखल प्रदेशातून धरमतरच्या खाडीकडे वाहते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा या खाडीतून वर चढते व दोनदा उतरते. ते भातशेतीत शिरू नये म्हणून या भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले, आणि पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडता यावे म्हणून बांधात उघाड्या ठेवल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधास खांड पडली, तर खारे पाणी शेतात पसरते. मग त्या जमिनीतील मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

समजा, कासूच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या मनात आले की, या बांधाचाच एक खेळ करावा. खेळणाऱ्याने भरतीची वेळ ओळखावी. ओहोटी असेल तेव्हा उघाडी उघडून पावसाचे पाणी सोडावे. भरती चढू लागली की उघाडी लावून घ्यावी आणि बांध जेथे खचला असेल तेथे चिखल घालावा. वेळ चुकली, तर पीक गेले. खेळ घरातल्या साध्या फोनवर चालावा आणि त्यातील सर्व मजकूर मराठीत असावा, एवढीच तिची इच्छा आहे. कल्पना चांगली आहे. परंतु कागदावर बांध काढणे निराळे आणि फोनच्या पडद्यावर पाणी क्षणाक्षणाने चढताना दाखविणे निराळे. तेव्हा पहिलाच प्रश्न असा उभा राहतो की, हा खेळ कोणत्या साधनाने करावा?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पडद्यावरील चित्र कसे उमटते, ते पाहिले पाहिजे. फोनचा पडदा म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी होय. हल्लीच्या पुष्कळ फोनांवर ही जाळी रुंदीत 1080 आणि उंचीत 2400 ठिपक्यांची असते. म्हणजे एका चित्रात 25 लाख 92 हजार ठिपके झाले. चित्र हलते आहे असा भास व्हावयाचा, तर ते एका सेकंदात साधारणपणे 60 वेळा नव्याने रंगवावे लागते. गुणाकार केला, तर दर सेकंदास 15 कोटी 55 लाख 20 हजार ठिपके रंगवायचे आहेत, असे दिसून येईल. एका चित्रासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या एक-साठांश भागाएवढा, म्हणजे पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो त्याहूनही पुष्कळ कमी.

स्थिर चित्रांतून हालचाल निर्माण करण्याची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 1913 साली दाखविण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कुंडीतल्या रोपाचे चित्र ते ठरावीक काळाने घेत गेले. ती चित्रे एकामागून एक भराभर दाखविताच रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. फरक एवढाच की, फाळक्यांची चित्रे आधी काढून ठेवलेली होती. खेळात तसे करता येत नाही. खेळणारा पुढच्या क्षणी उघाडी उघडील की लावील, हे कोणास ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणीच तयार करावे लागते.

एवढे प्रचंड काम फोनचा मुख्य गणकभाग एकटा करीत नाही. त्यासाठी फोनमध्ये चित्रकामाचा एक स्वतंत्र गणकभाग असतो. त्याच्याशी बोलण्याच्या भाषा ठरलेल्या आहेत. अँड्रॉइडच्या फोनांवर प्रथमपासून ‘ओपनजीएल ईएस’ ही भाषा चालत आली. 2016 साली ‘व्हल्कन’ ही नवी भाषा प्रसिद्ध झाली. ॲपल कंपनीने 2014 साली आपल्या फोनांसाठी ‘मेटल’ नावाची निराळीच भाषा आणली आणि 2018 साली, ओपनजीएल ईएस आता जुनी समजावी, असे जाहीर केले. या भाषांत थेट लिहावयाचे म्हटले, तर एक साधा त्रिकोण पडद्यावर आणण्यास कितीतरी ओळी खर्ची पडतात. व्हल्कनमध्ये तर हजारभर ओळी सहज होतात. आणि एवढे करूनही तो एकाच भाषेतला त्रिकोण! बांध, पाणी, उघाडी, भाताची रोपे आणि पाऊस हे सारे त्यानंतरचे.

म्हणून खेळ करणारे लोक मध्ये एक साधन घेतात. ‘येथे हे चित्र ठेव, तेथून तेथवर सरकव’ एवढे सांगितले की ते साधन त्याचे भाषांतर त्या त्या फोनच्या भाषेत करते. यालाच ‘ग्राफिक्स फ्रेमवर्क’ म्हणतात. त्याच्या जोडीला आवाज, टक्कर, वजन, दृश्यांची मांडणी यांची सोय आणि डोळ्यांपुढे खेळ रचण्याची कार्यशाळा असली, म्हणजे त्यास ‘गेम इंजिन’ असे नाव मिळते.

हे साधन म्हणजे काय, हे पेण तालुक्यातील मुलांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कासूहून आगगाडीने पेण ओलांडून पुढे गेले की हमरापूरचे स्थानक लागते. त्या परिसरात गावोगावी गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत. मूर्तिकार प्रत्येक मूर्ती मुळापासून घडवीत बसत नाही. तो साच्यातून अंग काढून घेतो. साच्यामुळे वेळ वाचतो आणि हात मोकळा होतो तो डोळ्यांच्या आखणीसाठी. पेणच्या मूर्तीची कीर्ती या आखणीवर आहे. मात्र साचा कोणता, माती कोणती, हे ठरविताना मूर्तिकाराला पुढचा विचार करावाच लागतो. शाडूची मूर्ती जड व नाजूक. प्लास्टरची हलकी, स्वस्त आणि लवकर सुकणारी. अनेकांनी आपला सारा व्यवसाय प्लास्टरवर उभा केला. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा केवळ त्या एका द्रव्यावर अवलंबून असलेल्या कारागिरांची झोप उडाली.

खेळाच्या साधनांतही असे प्रसंग आलेले आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2006 साली ‘एक्सएनए’ नावाचे साधन काढले. ते सुटसुटीत असल्यामुळे एकट्या-दुकट्या खेळ करणाऱ्यांना फार आवडले. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने शेतीवरील ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ त्याच साधनावर, कित्येक वर्षे खपून, एकट्याने रचला. परंतु 2013 साली कंपनीने एक्सएनएचे काम पुढे चालविणार नसल्याचे स्पष्ट केले. ज्यांचे खेळ अर्धे झाले होते त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करावी. सुदैवाने काही स्वतंत्र कार्यकर्त्यांनी एक्सएनएच्याच धाटणीचे ‘मोनोगेम’ हे साधन आधीच उभे केले होते. त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता. ‘स्टारड्यू व्हॅली’ 2016 साली प्रसिद्ध झाली आणि पुढे 2021 मध्ये मोनोगेमवर आणली गेली. मालकाने साचा टाकून दिला, तरी साच्याचा नकाशा लोकांच्या हाती होता म्हणून काम तरले.

दुसरा प्रसंग याहून अलीकडचा आहे. ‘युनिटी’ हे इंजिन 2005 साली डेन्मार्कमध्ये जन्मास आले आणि फोनवरील खेळांच्या जगात त्याने फार मोठे स्थान मिळविले. त्याची शिकवणी विपुल, तयार वस्तूंचा बाजार मोठा आणि नवशिक्याला ते विनामूल्य मिळते. परंतु 12 सप्टेंबर 2023 रोजी युनिटी कंपनीने एक नवे शुल्क जाहीर केले. खेळाचे उत्पन्न व त्याच्या स्थापनांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की, पुढे प्रत्येक नव्या फोनवर तो खेळ उतरविला गेला असता कंपनीस पैसे द्यावयाचे. लहान खेळांना ही मर्यादा 2 लाख डॉलर आणि 2 लाख स्थापना अशी होती आणि दर जास्तीत जास्त 20 सेंट होता. कासूच्या मुलीचा पहिला खेळ या मर्यादेजवळही पोहोचला नसता, हे खरे. तरीही जगभर क्षोभ उसळला. शुल्क किती, हा प्रश्न त्यात दुय्यम होता. आधी तयार झालेल्या खेळांनाही नवा नियम लागू व्हावा, याचा लोकांना राग आला. फुकट वाटलेला खेळ ज्यांच्या घरी जातो, त्यांतील बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत. मग प्रत्येक स्थापनेचे पैसे खेळ करणाऱ्याने कोठून आणावेत? दहा दिवसांत कंपनीस नियम सौम्य करावे लागले, त्याच सुमारास तिचे प्रमुख पायउतार झाले आणि सप्टेंबर 2024 मध्ये हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच. ‘स्ले द स्पायर’ या प्रसिद्ध खेळाच्या कर्त्यांनी आपला दुसरा भाग युनिटीत बराच पुढे नेला होता. तो त्यांनी ‘गोडो’ या खुल्या इंजिनात नव्याने रचावयास घेतला.

गोडोचे जन्मस्थान अर्जेंटिना. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सूर या दोघांनी ते रचले आणि 2014 साली त्याचा सर्व मजकूर जगास खुला केला. ते कोणालाही वापरता येते, बदलता येते, आणि त्याबद्दल काही द्यावे लागत नाही. फोनवरील सपाट चित्रांच्या खेळांत एके काळी घरोघर पोहोचलेले ‘कोकोस टू-डी’ हे साधनही अर्जेंटिनाचेच. लॉस कोकोस नावाच्या एका गावी 2008 साली काही मित्र जमले असता ते आकारास आले आणि त्या गावाचेच नाव त्याला मिळाले. साधने मोठ्या शहरांतच निर्माण होतात, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्याकडचे पाहू. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा खेळ 2020 साली प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाला शोधीत निघालेल्या मुलीची ती कथा आहे. प्राचीन वास्तू, प्रकाशाचे झोत आणि छायाबाहुल्यांसारखी दृश्ये हे त्याचे वैभव. त्यासाठी संस्थेने ‘अनरिअल’ हे बलाढ्य इंजिन निवडले, आणि ते योग्यच होते. 2017 साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. उलट, नवी मुंबईच्या ‘गेमशन’ कंपनीचा ‘लुडो किंग’ पाहावा. हा 2016 सालचा खेळ म्हणजे आपल्या जुन्या सारीपाटाच्याच घराण्यातला. चार रंग, काही सोंगट्या आणि एक फासा; 2020 च्या टाळेबंदीत घरोघर तो खेळला गेला. त्यात ना मंदिरांची शिखरे, ना प्रकाशाचे झोत. दोन्ही खेळ आपापल्या जागी खरे आहेत. सारीपाट रंगविण्यासाठी अनरिअल घेणे म्हणजे मांडवाच्या खुंट्या ठोकण्यास घण आणणे होय.

कासूच्या मुलीचा बांध सपाट चित्रांचा आहे, तेव्हा तिला अनरिअलची गरज नाही. शिवाय ते संगणकावर दहा-दहा गिगाबाइटांच्या हिशेबाने जागा मागते. युनिटीला काही गिगाबाइट लागतात. गोडो त्या मानाने अगदीच अल्पाहारी आहे. इतकेच नव्हे, तर त्याची एक आवृत्ती अँड्रॉइड फोनवरच चालते. ज्या घरी संगणक नाही, त्या घरी ही गोष्ट लहान नव्हे. ‘लिबजीडीएक्स’ हे मारिओ त्सेक्नर या ऑस्ट्रियन कर्त्याने सुरू केलेले खुले साधनही हलके आहे. ‘स्ले द स्पायर’चा पहिला भाग त्यावरच रचला गेला. मात्र त्यात डोळ्यांपुढे मांडणी करण्याची कार्यशाळा नाही. सर्व काही जावा भाषेत लिहून सांगावे लागते. ज्याला लिहून सांगणेच आवडते, त्याला ते इंजिनापेक्षाही मोकळे वाटते.

येथवर सर्व विचार कोणत्याही देशातील मुलास लागू पडेल असा झाला. परंतु मराठी खेळ करावयाचा म्हटला की एक अडचण उभी राहते, आणि ती बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. ती अडचण अक्षरांची आहे.

रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवीत गेले की शब्द होतो. देवनागरीत तसे नाही. ‘किल्ला’ हा शब्द घ्यावा. संगणकाच्या स्मृतीत प्रथम ‘क’ आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने तो साठविलेला असतो; कारण आपण उच्चार त्याच क्रमाने करतो. पण पडद्यावर वेलांटी ‘क’च्या आधी उभी राहिली पाहिजे. पुढे दोन ‘ल’ एकमेकांत मिसळले पाहिजेत. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ अक्षर ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसते. जे साधन अक्षरे नुसती एकापुढे एक मांडते, ते ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात घालते आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरे उभी करते.

मराठीचे दुखणे तर आणखी बारीक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरी या शब्दाचे अनेकवचन. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. खाडीच्या बांधावरील खेळात ‘दर्या खवळला’ असे लिहावयाचे आणि पडद्यावर ‘दऱ्या खवळला’ असे उमटावयाचे, म्हणजे समुद्राच्या जागी डोंगर आले! दुसऱ्या लिपीत वाढलेल्या साधनकर्त्याला हा फरक दिसणारही नाही. तो दिसतो वाचणाऱ्या मराठी माणसाला.

हे संकट नवे नाही. मुंबईत गेल्या शतकाच्याही आधी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, मराठी छापखाने निघाले तेव्हा खिळे पाडणाऱ्यांपुढे हाच पेच होता. इंग्रजीला थोडक्या खिळ्यांत भागत असे. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची घरेच्या घरे भरावी लागत. जावजी दादाजी यांनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला आणि खिळ्यांच्या सुबकतेसाठी तो सर्व हिंदुस्थानात नावाजला गेला. त्या काळी जे काम जुळारी हाताने करीत असे, ते आज अक्षरजुळणीची आज्ञावली करते. ‘हार्फबझ’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध, आणि तीही खुली आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांत मराठी नीट दिसते ते बहुतांशी तिच्यामुळे.

म्हणून साधन निवडताना, ‘यात हार्फबझ किंवा तिच्यासारखी जुळणी आहे काय?’ असे विचारणे भाग आहे. लिबजीडीएक्सची नेहमीची अक्षरव्यवस्था अक्षरे चित्रांच्या तुकड्यांप्रमाणे ओळीने ठेवते. तीत देवनागरीची जुळणी होत नाही. युनिटीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ‘टेक्स्टमेश प्रो’चीही हीच गत होती, अनेकांना मराठी-हिंदी वाक्ये चित्रे करून चिकटवावी लागली. अलीकडच्या आवृत्त्यांत तेथे नवी व्यवस्था येऊ लागली आहे. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीतही हा दोष होता. 1 मार्च 2023 रोजी चौथी आवृत्ती निघाली, तिच्यात हार्फबझचा समावेश झाला आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ आपापल्या जागी आले. अर्थात जुळणी झाली तरी अक्षरांचे वळण हवेच. त्यासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने रचलेले ‘मुक्त’ व ‘बलू’ असे देवनागरी टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

वाक्ये चित्रे करून चिकटविली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. शब्द पाच-पन्नास असतील, तर काही बिघडत नाही. परंतु खेळात गुण बदलतात, खेळणाऱ्याचे नाव येते, ‘उधाणास 3 तास उरले’ अशी वाक्ये क्षणोक्षणी नवी जुळवावी लागतात. शिवाय चित्रात गोठलेली चूक दुरुस्त करावयाची, तर चित्र पुन्हा काढावे लागते.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो साधनापेक्षा ते वापरणाऱ्याच्या हातात आहे. प्रत्येक चित्रागणिक पाणी एक ठिपका वर चढावे, असे त्या मुलीने लिहिले, तर सेकंदास 60 चित्रे काढणाऱ्या फोनवर भरती ठीक चालेल. पण जुन्या फोनवर सेकंदास 30 चित्रे निघाली की तीच भरती निम्म्या वेगाने येईल, आणि 120 चित्रे काढणाऱ्या महागड्या फोनवर शेतकऱ्यास श्वास घेण्यासही सवड मिळणार नाही. खरी भरती फोन पाहून येत नाही; ती दररोज सुमारे 50 मिनिटे उशिरा, आपल्या वेळेने येते. म्हणून पाण्याची उंची चित्रांच्या संख्येवरून न काढता मागील चित्रापासून किती वेळ गेला त्यावरून काढावी लागते. हा वेळ सर्वच चांगली साधने सांगतात. तो विचारण्याची आठवण मात्र ठेवावी लागते.

ॲपलच्या फोनवर खेळ द्यावयाचा असेल, तर कोणतेही साधन घेतले तरी शेवटच्या टप्प्यास ॲपलचाच संगणक लागतो. ज्या घरी तो नाही, त्या घरी आधी अँड्रॉइडचा विचार करणे शहाणपणाचे.

इतका विचार झाल्यावरही सारा खेळ एकदम रचावयास घेणे बरे नव्हे. एका साधनात आठवडाभर काम करून एकच बांध, एकच उघाडी आणि एकच भरती पडद्यावर आणावी. वर ‘दर्या खवळला, बांध राखा’ असे लिहावे. खाली ‘किल्ला’, ‘सूर्य’, ‘दऱ्या’, ‘क्षेत्र’ हे शब्द ठेवावेत. मग तो तुकडा घरातील सर्वांत जुन्या, भिंगाला तडा गेलेल्या फोनवर उतरवावा. पाणी धक्के न देता चढते काय, फोन हातात तापतो काय, अक्षरे जुळतात काय, हे पाहावे. तेथे साधन उणे पडले, तर आठवडाच वाया जातो. दुसरे घेऊन तोच तुकडा पुन्हा रचावा. सगळे नीट चालले, तर तो फोन घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. ज्याने खरी खांड पाहिली आहे, खांद्यावर चिखलाच्या पाट्या वाहिल्या आहेत, तो पडद्याकडे क्षणभर पाहून बहुधा एवढेच म्हणेल की, उधाणाचे पाणी असे सरळ चढत नाही, आधी ते उघाडीच्या फळ्यांखालून पाझरू लागते.

मग मुलीने ते पाझरणे रंगवावयास घ्यावे.